वाळत घातलेला बोका

मी एक जुना बोका आहे. मित्रांनो, दूध आणायला उठू नका. मी दूध पीत नाही, उंदीर धरत नाही आणि मला शेपूटही नाही. माहितीपट काढणारी माणसे उघड्यावर आवाज टिपतात तेव्हा माइकला एक केसाळ अंगरखा घालतात. तो अंगरखा म्हणजे मी. वारा थेट माइकवर आदळला तर बोलण्याच्या जागी नुसता धडधडाट ऐकू येतो. माझे लांब केस तो वारा अंगावर घेतात आणि आत फक्त माणसाचा शब्द जाऊ देतात. थोडक्यात, मार खाणे हाच माझा धंदा. तो मार फक्त वाऱ्याचा असतो, अशी माझी भाबडी समजूत होती.

मला एका काकूंनी शिवले. त्या मुलांसाठी कापडी अस्वले शिवत. त्यांच्या शिवणयंत्राशेजारी डोळे न लावलेल्या अस्वलांचा ढीग पडलेला असे. आमच्या पथकात आवाज टिपणारा दादा त्यांच्याकडे आला तेव्हा दुकानात मिळणारे राखाडी कव्हर नमुना म्हणून घेऊन आला होता. "आकार हाच ठेवा, रंग मात्र हा नको," तो म्हणाला. "पाण्याकाठी काम करायचंय. पाखरं बिचकतात. गवतात मिसळेल असं काहीतरी तपकिरी बघा." काकूंनी अस्वलाच्या कापडाचा उरलेला तुकडा काढला, मला आणि माझ्या जोडीच्या दुसऱ्याला गोल शिवले आणि माइक आत-बाहेर करता यावा म्हणून पोटाला चेन लावली. मग स्वतःच्या अंबाड्यातला कंगवा काढून मला विंचरले आणि म्हणाल्या, "घ्या तुमचा बोका." नाव तिथेच चिकटले. त्या नावाने आणि त्या रंगाने पुढे काय केले ते तुम्ही ऐकालच. पण त्याचा ठपका काकूंवर ठेवू नका. बिचाऱ्यांनी मन लावून शिवले होते.

आमचे पथक म्हणजे एक घरच होते. ताई चित्रपट काढायची. कुठे जायचे, कोणाशी बोलायचे, कधी पळायचे हे तीच ठरवायची. दादा तिचा थोरला भाऊ, पण जग तिला ताई म्हणते म्हणून तोही ताईच म्हणायचा. तो आवाज टिपायचा. त्याचे कान असे होते की शेजारच्या खोलीतला नळ नीट बंद केलेला नाही हे तो गप्पांच्या मध्येच सांगायचा. कॅमेरा त्यांच्या मामाकडे असे. मामाला सदान्कदा भूक लागलेली असायची, पण डोळा कॅमेऱ्याला लावला की तो जेवणही विसरायचा.

लोक समजतात, पाखरांचे आणि जनावरांचे चित्रपट म्हणजे हिरवळ आणि किलबिल. मित्रांनो, मी जिथे जिथे गेलो तिथे किलबिलाटाच्या मागे हाणामारी होती. ज्याला रान हवे असते, त्याला आधी रानातली माणसे नको असतात. एका डोंगरावर झाडे तोडणाऱ्यांनी वस्ती पेटवली. पेटलेला बांबू बंदुकीसारखा फुटतो आणि त्यात बायकांच्या हाका बुडून जातात. एका खाणीच्या दारात लाठ्या चालल्या. पाठीवर बसलेल्या काठीचा आवाज वेगळा आणि डोक्यावर बसलेल्या काठीचा वेगळा, हे मला तिथे समजले. न समजते तर बरे झाले असते.

कौतुक मात्र नेहमी मामाच्या वाट्याला. चित्रे काय सुंदर, उजेड काय सुंदर. आवाज चांगला असला की तो कोणाच्या लक्षातच येत नाही, हे आमच्या कामाचे रडगाणे आहे. एकदाच, डोंगरावरचा तो चित्रपट संपल्यावर, एक बाई दादाकडे आली. "जाऊबाई गेल्या त्या आगीत," ती म्हणाली. "आज त्यांचा आवाज ऐकला. अगदी चुलीपाशी बसून बोलल्यासारखा."  घरी आल्यावर दादाने मला कितीतरी वेळ विंचरले.

मग आम्ही त्या पाणथळीवर गेलो.

दूरवर पसरलेले उथळ पाणी, त्यात पुरुषभर उंच लव्हाळी आणि लव्हाळ्यांत पाणमांजरांची बिळे. काठाला चटया विणणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांची वस्ती. त्या पाण्यात दगडमाती ओतून जमीन करायची होती, मोठमोठी गोदामे बांधायला. काम एका मुकादमाकडे होते. वस्तीचे लोक न्यायालयात गेले तेव्हा निकाल लागला की जोवर या पाण्यात पाणमांजरे आहेत तोवर भराव टाकायचा नाही. तुम्हाला वाटेल, झाले, जिंकले. मुकादमाने त्या निकालाचा सरळ अर्थ काढला. पाणमांजरे संपवली की झाले.

त्याच्या माणसांनी बिळांच्या तोंडाशी लोखंडी सापळे लावले. अडकलेले पाणमांजर पाण्याखालीच गुदमरून मरे. आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात वस्तीतल्या लोकांना एका सापळ्यात नुसता पंजा सापडला होता. सुटण्यासाठी त्या जनावराने स्वतःचाच पाय कुरतडून तोडला होता. लोकांनी तो पंजा पुरला आणि पाळीपाळीने काठावर पहारा सुरू केला. पाणमांजर गेले की आपले घर गेले, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

आम्हाला बोलावले होते ते तिथल्या एका मावशींनी. त्यांचे यजमान मुकादमाच्या ट्रकपुढे आडवे झोपले होते. मुकादमाच्या माणसांनी त्यांचे दोन्ही हात होडीच्या काठावर ठेवायला लावले आणि हातोड्याने बोटे ठेचली. मावशींना हे नावानिशी सांगायचे होते, पण लपून, कारण वस्तीत कोण मुकादमाला फितूर आहे याचा नेम नव्हता. म्हणून आम्ही आलोय हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही. सख्ख्या दिरालाही नाही. आम्हाला काठावरच्या एका बंद पडलेल्या पंपघरात उतरवले आणि होडीतून आत लव्हाळ्यांत नेले. तिथे त्या बोलल्या.

"आता त्यांना जाळं विणता येत नाही," त्या म्हणाल्या. "घास मी भरवते. लहान मुलासारखे तोंड फिरवतात. भूक नाही म्हणतात. लाज वाटते त्यांना, दुसरं काय."

वारा पिसाटासारखा सुटला होता. मी सगळा अंगावर घेतला. मावशींचा एक शब्द वाया गेला नाही. परत येताना मात्र होडी कलंडली, दादाने माइक आणि आवाजाचे यंत्र छातीशी धरून वाचवले आणि मी पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या.

आता ऐका, कारण सगळे पुढचे इथून सुरू होते. माझ्यासारखे केसाळ कापड ओले झाले आणि तसेच वाळले, तर आखडते. मग ते माइकवर चढत नाही. म्हणून दादाची एक पद्धत होती. हिरवी काठी वाकवून तो तिची चौकट करायचा, तिच्यावर मला ताणून बसवायचा आणि उन्हात टांगायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला तसेच पंपघराच्या दाराबाहेर खिळ्याला टांगले. तपकिरी, केसाळ, वाकवलेल्या काठीवर ताणलेला. कातडी कमावणारे पाणमांजराची कातडी नेमकी अशीच वाळवतात, हे दादाला माहीत नव्हते.

ताई आणि मामा मावशींबरोबर बिळांची चित्रे घ्यायला गेले होते. दादा दारात बसून हेडफोनची वायर पुसत होता. पहाऱ्यावरची माणसे काठाकाठाने आली. पुढे मावशींचा दीर होता. मावशी त्याला भावोजी म्हणत, म्हणून अख्खी वस्तीच त्याला भावोजी म्हणायची. दांडगा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हातात वल्हे होते. त्याने मला पाहिले आणि तो जागीच थबकला.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

दादा हसला. त्याला वाटले, नेहमीसारखी गंमत वाटून कोणीतरी विचारते आहे. "बोका आहे माझा," तो म्हणाला. "काल भिजला, म्हणून ताणून वाळत घातलाय."

मित्रांनो, त्या वस्तीत नर पाणमांजराला बोका म्हणत.

"तुझा बोका?"

"हो. जोडीचा दुसरा पेटीत आहे. दाखवू?"

'माइकचं कव्हर' एवढे दोन शब्द तो बोलला असता, तर हातात हात देऊन चहा झाला असता. पण वर्षानुवर्षे जिभेवर बसलेले नाव तेच आधी बाहेर येते. पहिले वल्हे त्याच्या उजव्या कानावर बसले. आवाज ओला आणि जड होता. तो कोलमडला आणि कान धरून "अहो, बोका, बोका," असेच म्हणत राहिला. तो जितक्यांदा म्हणे तितके ते पेटत. कोणी पाठीत लाथ घातली, कोणी पेटी फोडली, कोणी केस धरून त्याचे तोंड माझ्या पुढ्यात आणले. "बघ, बघ काय केलंस," एक जण रडत रडत ओरडत होता आणि रडत रडतच मारत होता. इतक्या मारामाऱ्या मी पाहिल्या, पण असा रडणारा मारेकरी पाहिला नव्हता. आणि मी तिथे खिळ्याला लटकत होतो, अपराधाचा पुरावा म्हणून.

आरडाओरडा ऐकून मावशी आणि ताई धावत आल्या. मावशी सरळ दादाच्या अंगावर पालथ्या पडल्या. उगारलेले एक वल्हे त्यांच्या खांद्यात बसले. त्या तशाच उठल्या, मला खिळ्यावरून ओढले आणि भावोजींच्या नाकासमोर माझे पोट उघडले.

"कातडीला कधी चेन पाहिली होतीत का, भावोजी?"

त्यांनी चेन खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. आतले अस्तर दिसले, काकूंची शिवण दिसली. कोणी हसले नाही. भावोजींच्या हातातले वल्हे गळून पडले. दादाच्या कानातून रक्ताची धार लागली होती. मावशींनी जे हातात होते तेच त्याच्या कानाला दाबून धरले. त्या दिवशी मी वाऱ्याऐवजी रक्त अडवले, आणि तेही मला धड अडवता आले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, उजवा कान गेला. डाव्यात थोडेफार राहील. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात फौजदार आला. त्याच्यामागे मुकादम. फळांची पिशवी घेऊन, घरचा माणूस आजारी असावा तसा चेहरा करून.

"असल्या रानटी लोकांसाठी तुम्ही जिवाचं रान करता, ताई," मुकादम म्हणाला. "आणि ते असे पांग फेडतात."

"कोणी मारलं तेवढं सांगा," फौजदार म्हणाला. "आज संध्याकाळच्या आत सगळी वस्ती उचलतो. पुरुष एक ठेवत नाही काठावर."

पुरुष एक ठेवत नाही म्हणजे पहाराही राहणार नाही आणि राहिलेली बिळेही राहणार नाहीत. हे ताईला कळत होते. पण ती भावाची बहीणही होती. तिच्या ओठांवर भावोजींचे नाव आले होते. खोटे कशाला सांगू, मलाही तिने ते उच्चारावे असेच वाटत होते. ती दादाच्या डाव्या कानाशी वाकली. "दादा, नाव सांगू का त्याचं?"

दादा मोठ्याने बोलला, आपला आवाज किती मोठा झाला आहे हे त्याला कळत नव्हते. "मी कोणाला ओळखत नाही. वल्ह्यावर पडलो."

"इतक्यांदा?" फौजदाराने विचारले.

"निसरडं आहे फार."

ते दोघे गेल्यावर ताईचा बांध फुटला. "तुझा कान गेलाय, दादा."

"काय?"

"कान गेलाय तुझा."

"जरा मोठ्यानं बोल ना."

तिने ते ओरडून सांगितले. सगळ्या खाटांवरची माणसे वळून पाहू लागली.  दादाच्या डोळ्यांतून पाणी ओघळले ते उशीवर गेले. मग तो म्हणाला, "ताई, मला आयुष्यात माहीत नव्हतं कातडी कशी ताणतात ते. त्यांनी लांबून बघून ओळखलं. कुठे बघितली असेल त्यांनी? जाऊन विचार."

भावोजी दवाखान्याच्या पायरीवरच बसला होता. आत यायचे त्याला धाडस होत नव्हते. ताईने त्याच्याकडे न बघता विचारले. त्यानेही तिच्याकडे न बघता सांगितले, "मुकादमाच्या पत्र्याच्या शेडमागे. कुंपणाबाहेरून दिसतात. आम्ही सांगितलं सगळ्यांना. आमचं कोण ऐकतो?"

ताईने मला माइकवर चढवले. माझे अर्धे केस वाळलेल्या रक्ताने कडक झाले होते, पण दुसरा बोका वल्ह्यांखाली फाटला होता. माइकची दांडी तिने स्वतः धरली, मामाने कॅमेरा उचलला आणि भर दुपारी आम्ही शेडवर गेलो. वस्तीतली माणसे बरोबर आली. भावोजी रिकाम्या हाताने आला. आता हातात काही धरणार नाही, असे त्याने मावशींना सांगितले होते.

शेडमागे ओळीने चौकटी उभ्या होत्या. वाकवलेल्या काठ्या आणि त्यांवर ताणलेली कातडी. मोठी होती, पिल्लांचीही होती. मी त्यांच्याकडे पाहिले आणि मित्रांनो, मला माझ्या दिसण्याची किळस आली. मामा एकेका चौकटीपुढे थांबून चित्र घेत होता. त्याने कॅमेरा एकदाही खाली केला नाही.

मुकादमाची माणसे पहारी घेऊन धावत आली. पहार म्हणजे जमीन खणायची लोखंडी सळई, तिने दगड फुटतो. एकाने मामाला ढकलून पाडले. दुसऱ्याने ताईवर पहार उगारली. ताईचे दोन्ही हात दांडीला होते आणि दादाला वर्षानुवर्षे पाहून तिच्या अंगात भिनले होते की चालू आवाजात दांडी सोडायची नाही. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. भावोजी मध्ये आला. पहार त्याच्या डोक्यात बसली. तो गुडघ्यावर आला, उठला, आणि दुसरी त्याच्या बरगड्यांत बसली. मग वस्तीतली सगळी माणसे तुटून पडली. दात, नखे, दगड, हाताला येईल ते. मुकादम कुंपणावरून पळाला. त्या धुमश्चक्रीत भावोजीला ओढून होडीत घातले. दवाखाना पैलतीराला होता. पैलतीर येण्याआधीच तो गेला.

चित्रपट झाला आणि लोकांनी पाहिला. कातडी पाहिल्यावर न्यायालयाला गप्प बसता येईना. भराव थांबला, मुकादमाला तुरुंगात घातले. पण जेवढे पाणी मातीखाली गेले होते ते गेलेच. उरलेल्या पाण्यात पाणमांजर दिसल्याचे कोणी ठामपणे सांगत नाही. मावशी म्हणतात, काठावर पंजे उमटलेले असतात. त्या म्हणतात म्हणून मीही मानतो.

माझे काम मात्र तिथे संपले. काकूंनी मला नाना तऱ्हांनी धुतले, पण डाग जाईना आणि केस मोकळे होईनात. आता माइकला दुकानातले राखाडी कव्हर असते. मी संकलनाच्या खोलीत खुंटीवर धूळ खात पडलो आहे. नवी शिकाऊ मंडळी येतात आणि विचारतात, "हे फडकं इथे कशाला?" मला राग येतो. पण फडक्याने रागावून काय करायचे?

त्याच खोलीत चित्रपट जोडायचे काम चालले होते तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. भावोजीला पैलतीराला नेताना मावशी आणि ताई होडीत होत्या, त्या प्रवासाचा आवाजही टिपला गेला होता. यंत्र बंद करायचे ताईला सुचलेच नव्हते. "तो तुकडा तू ऐकू नकोस, मी बघते," असे तिने दादाला बजावले होते. दादाने ऐकून घेतले आणि ती बाहेर गेल्यावर तोच तुकडा लावला. डावा कान पुढे करून, मान वाकडी करून तो बसला. पाणी कापत जाणारी वल्ही. मावशींचा आवाज, "भावोजी, डोळे मिटू नका. इकडे बघा." मग जड, घोगरा, तुटक आवाज.

"त्यांना ऐकू येतं का आता?"

त्यावर ताईचे उत्तर नव्हते. नुसता वारा, आणि मी तो अडवत होतो.

दादाने तुकडा थांबवला. मागे नेऊन पुन्हा लावला. प्रश्न आला, आणि वारा सुरू होण्याआधी त्याने यंत्र बंद केले. मग त्या रिकाम्या खोलीत, त्याच्या त्या नव्या, नको इतक्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "येतंय, भावोजी. बोला."

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. माझे एवढेच मागणे आहे. कोणी स्वतःच्या भाषेत काही म्हणाला आणि ते ऐकून तुमचा हात वर गेला, तर तो खाली आणण्याआधी एकदा विचारा, "म्हणजे काय रे?" त्या सकाळी हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर कातडी कधी सापडलीच नसती, असे मामा म्हणतो. मामाचे बरोबरही असेल. मी बोका आहे, मला एवढे गणित येत नाही. मला फक्त दिसते की दादा अजून हाक कोणत्या बाजूने आली ते शोधत गोल फिरतो, आणि पाणथळीवर मावशी यजमानांना घास भरवून झाला की दिराचे ताट सवयीने वाढतात आणि मग उचलून ठेवतात.